अतापित सौरकक्षाचे वर्गीकरण आणि पंढरपुरातील आच्छादित चौक

१. प्रश्नाचे स्वरूप

इमारतीच्या ऊर्जाव्यवहाराचे गणित मांडताना अभ्यासकास प्रथम एक सीमा आखावी लागते. सीमेच्या आत ज्याचे तापमान राखावयाचे तो भाग म्हणजे घर, आणि सीमेपलीकडे जे आहे ते बाह्य हवामान. भिंती, छप्पर, दारे व खिडक्या यांतून होणारी उष्णतेची देवघेव ही या दोहोंमधील देवघेव होय. परंतु प्रत्यक्ष इमारतीत काही अवकाश असे असतात की जे धड आत नाहीत व धड बाहेरही नाहीत. काचेने बंद केलेला सज्जा, घराच्या दक्षिण अंगास जोडलेले काचगृह, पत्र्याने झाकलेली गच्ची, छप्पर घातलेला चौक ही त्यांची उदाहरणे. त्यांत उष्णता पुरविणारे वा काढून घेणारे यंत्र नसते. तथापि त्यांचे तापमान बाहेरच्या हवेइतकेही नसते. त्यांना घरात धरावे, बाहेर सोडावे, की तिसरा वर्ग मानून त्यांचे स्वतंत्र गणित करावे, हा वर्गीकरणाचा प्रश्न आहे.

वरवर पाहता हा केवळ संज्ञेचा वाद वाटेल. परंतु वर्ग बदलला की घराचे क्षेत्रफळ बदलते, दर चौरस मीटरमागील विजेचा आकडा बदलतो, कोणत्या भिंतीस बाह्य भिंत म्हणावे हे बदलते, आणि शेवटी घरमालकास द्यावयाचा सल्लाही बदलतो. शीत देशांत हा सल्ला चुकला तर इंधन अधिक जळते. पंढरपुरासारख्या उष्ण गावी तो चुकला तर वैशाखातल्या रात्री माणसास झोप लागत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची मांडणी करून, पंढरपूर येथील जुन्या वाड्यांच्या आच्छादित चौकास ती कशी लागू पडते व कोठे लागू पडत नाही, याचा विचार केला आहे.

२. शीत देशांतील कल्पना

सौरकक्षाची कल्पना मुळात थंड प्रदेशातील आहे. घराच्या दक्षिणेस काचेची खोली जोडली म्हणजे हिवाळ्यात खाली आलेला सूर्य तीत शिरतो. काच सूर्याचे लघुलहरी प्रारण आत येऊ देते. परंतु तापलेल्या भिंती व फरशी यांच्यापासून निघणारे दीर्घलहरी प्रारण तिच्यातून बाहेर जात नाही. त्यामुळे खोली ऊबदार होते व तिच्यामागील घराची उष्णता कमी गळते. लडाखमध्ये घरांच्या दक्षिण अंगास जोडलेली काचगृहे याच तत्त्वावर उपयोगी पडतात.

अशा कक्षाचे वर्गीकरण करताना युरोपीय नियमांनी जी कसोटी धरली ती काचेची नव्हे, तर घर व कक्ष यांमधील विभाजनाची आहे. इंग्लंडच्या इमारत-नियमांनुसार तळमजल्यावरील ३० चौरस मीटरपर्यंतच्या काचगृहास ऊर्जाविषयक अटींतून सूट मिळते, ती घर व काचगृह यांमधील बाह्य प्रतीची भिंत, दारे व खिडक्या कायम ठेवल्यास. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १३७९० क्रमांकाच्या मानकात (२००८) सौरकक्षाचे गणित परिशिष्टात दिले होते. त्यातही कक्ष तापविला जात असेल, किंवा घर व कक्ष यांमध्ये कायमचे उघडे द्वार असेल, तर तो घराचाच भाग मानावा असे सांगितले होते. २०१७ मध्ये त्या मानकाची जागा ५२०१६ क्रमांकाच्या मानकाने घेतली. तरी विभाजनाचे हे तत्त्व अभ्यासकांच्या व्यवहारात टिकून आहे.

ही कसोटी योग्य असली तरी ती आराखड्यावरून पुरती तपासता येत नाही. १९९३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील टॅज ओरेस्झिन यांनी काचगृहांच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा बहुसंख्य काचगृहे हिवाळ्यात तापविली जात असल्याचे आढळून आले. म्हणजे कागदावर जो अतापित मध्यस्थ कक्ष होता तो व्यवहारात घराची एक खोली बनला होता, व तीही सर्वांत अधिक उष्णता गळणारी. वर्ग ठरतो तो दाराच्या बिजागरीवर व ते दार उघडझाप करणाऱ्या माणसाच्या सवयीवर, हा त्या पाहणीचा धडा कोणत्याही हवामानास लागू आहे.

३. गणिताचे मूळ सूत्र

पुढील विवेचनासाठी एक सोपे सूत्र ध्यानी घ्यावे. घर व मध्यस्थ कक्ष यांमधील उष्णतासंक्रमणाचा गुणक 'क' मानू. कक्ष व बाह्य हवा यांमधील गुणक 'ख' मानू. दोन्ही गुणक वॉट प्रति अंश या एककात मोजले जातात व 'ख'मध्ये हवेच्या येण्याजाण्याचाही समावेश होतो. या दोहोंवरून न्यूनन-गुणक 'ब' निघतो:

ब = ख ÷ (क + ख)

कक्ष पूर्ण उघडा असेल तर 'ख' अतिशय मोठा होतो व 'ब'चे मूल्य १ कडे जाते. म्हणजे घराची ती भिंत जणू सरळ बाहेरच्या हवेस लागून आहे. कक्ष जितका घट्ट बंद, तितका 'ब' लहान. कक्षात शोषल्या जाणाऱ्या सौर उष्णतेस 'स' म्हटले, तर स्थिर स्थितीत कक्षाकडून घरात येणारी उष्णता पुढीलप्रमाणे होते:

घरात येणारी उष्णता = ब × क × (बाहेरचे तापमान − घरातील तापमान) + (१ − ब) × स

या सूत्रातील दोन पदे नीट पाहिली म्हणजे सर्व विषय उलगडतो. बाह्य हवेच्या प्रभावास 'ब'ने गुणले जाते, तर सूर्याच्या प्रभावास '१ − ब'ने. कक्ष बंद करणे म्हणजे पहिला प्रभाव कमी करून दुसरा वाढविणे होय. शीत देशात बाहेरची थंडी नको असते व ऊन हवे असते. म्हणून कक्ष बंद केल्याने दोन्ही बाजूंनी लाभच होतो. उष्ण देशात बाहेरची उष्ण हवा नको असते आणि ऊनही नको असते. तेथे कक्ष बंद केल्याने एक लाभ व एक हानी अशी दोन्ही पदरी पडतात. यांपैकी कोणती मोठी, हे 'स'वर अवलंबून आहे. यास्तव शीत देशात 'मध्यस्थ कक्ष' ही संज्ञा संरक्षणाचा अर्थ घेऊन येते. उष्ण देशात तीच संज्ञा संरक्षण व संकट या दोहोंपैकी काहीही असू शकते.

४. पंढरपूरचा सूर्य व वाड्याचा चौक

पंढरपूर सुमारे १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर, भीमेच्या काठी वसले आहे. सोलापूर भागाची गणना उष्ण व कोरड्या हवामानाच्या विभागात होते. मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात व पुन्हा ऑगस्टच्या आरंभी मध्यान्हीचा सूर्य नेमका माथ्यावर येतो, आणि या दोन तिथींच्या दरम्यान तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. २१ डिसेंबरच्या सुमारासदेखील मध्यान्ही त्याची उंची सुमारे ४९ अंश भरते. लंडन येथे त्याच दिवशी ती केवळ १५ अंश असते. म्हणून तेथे उभ्या, दक्षिणाभिमुख काचेला जे महत्त्व आहे ते पंढरपुरात आडव्या आच्छादनास आहे. ऐन उन्हाळ्यात येथे दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जेमतेम पडते; डोक्यावरच्या पृष्ठावर मात्र ते दिवसभर कोसळते.

जुन्या वाड्याची रचना या सूर्याचा विचार करूनच झालेली दिसते. दिंडी दरवाजातून देवडीत यावे, तेथून चौकात. चौकाभोवती ओसरी व सोपे, त्यांच्या मागे माजघर व खोल्या, वर माडी किंवा माळवद. बाहेरच्या भिंती जाड व खिडक्या मोजक्या; प्रकाश व हवा घ्यावयाची ती चौकातून. महाद्वार घाटाच्या परिसरातील होळकर वाडा व शिंदे सरकारांचा वाडा ही या परंपरेतील नामांकित उदाहरणे होत. साधी घरे, मठ व धर्मशाळा यांतही लहान प्रमाणात हाच क्रम आढळतो.

उघडा चौक ऊर्जेच्या दृष्टीने 'बाह्य' वर्गात मोडतो. परंतु ते सुधारलेले बाह्य होय. दिवसाचा बराच काळ त्याच्या भिंती एकमेकींवर सावली टाकतात. सूर्यास्तानंतर फरशी व भिंती निरभ्र आकाशाकडे उष्णता टाकू लागतात. कोरड्या हवेत आकाशाचे प्रारण-तापमान भोवतालच्या हवेपेक्षा १० ते २० अंशांनी कमी असू शकते, आणि उघड्या पृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे ५० ते १०० वॉट इतकी उष्णता अशा रीतीने निघून जाते. गार झालेली जड हवा चौकाच्या तळाशी साचते व ओसरीवर पसरते. उन्हाळ्यात अंथरूण ओसरीवर वा अंगणात येते त्याचे कारण हेच.

अलीकडे मात्र असे चौक झाकण्याकडे कल दिसतो. पावसाची झड, कबुतरांचा उपद्रव, चोरीचे भय, तसेच आषाढी, कार्तिकी, माघी व चैत्री या चार वाऱ्यांच्या वेळी मुक्कामास येणाऱ्यांसाठी जादा निवारा, ही कारणे खोटी नाहीत. आच्छादन म्हणून पॉलिकार्बोनेटचे अथवा फायबरचे पारदर्शक पत्रे घातले जातात, कारण चौकात अंधार झालेला कोणासच नको असतो. अशा रीतीने, कोणीही तसा संकल्प न करता, वाड्याच्या मध्यभागी एक अतापित सौरकक्ष निर्माण होतो. हे पत्रेही काचेप्रमाणेच दीर्घलहरी प्रारणास बहुतांशी अपारदर्शक असतात. त्यामुळे दिवसा ऊन आत येते आणि रात्री आकाशाकडे जाणारी वाट बंद होते.

५. एक काल्पनिक उदाहरण

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. पुढील उदाहरण कोणत्याही विशिष्ट वाड्याचे नाही. चौक ४ मीटर × ५ मीटर व उंची ६ मीटर मानू. आच्छादनाचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर, चौकाकडील भिंतींचे १०८ चौरस मीटर व घनफळ १२० घनमीटर होते. भिंती, दारे व खिडक्या यांचे सरासरी यू-मूल्य २ धरल्यास 'क' २१६ वॉट प्रति अंश येतो. एकपदरी पत्र्याचे यू-मूल्य ६ धरल्यास आच्छादनातून १२० वॉट प्रति अंश, आणि हवेच्या दर तासातील एका पूर्ण बदलामागे सुमारे ४० वॉट प्रति अंश इतके संक्रमण होते. घरातील खोल्या ३२ अंशांवर व बाहेरची हवा ४० अंशांवर आहे असे मानू.

तीन स्थिती घेऊ. पहिली, पत्रे भिंतीस घट्ट बसविलेले, तासाला हवेचा एकच बदल. दुसरी, पत्रे व भिंत यांमध्ये थोडी फट, तासाला १० बदल. तिसरी, पत्रे उंच खांबांवर घेऊन चारही बाजू मोकळ्या, तासाला ३० बदल. या तीन स्थितींत 'ख' अनुक्रमे १६०, ५२० व १३२० होतो आणि 'ब' ०.४३, ०.७१ व ०.८६ येतो.

आता ऊन नाही असे प्रथम समजू. तिन्ही स्थितींत चौकाचे तापमान अनुक्रमे ३५.४, ३७.७ व ३८.९ अंश निघते. येथे घट्ट बंद चौक सर्वांत चांगला ठरतो, आणि केवळ 'ब'चे मूल्य पाहून निर्णय देणारा अभ्यासक हाच निष्कर्ष काढील.

यानंतर ऊन घेऊ. आडव्या पृष्ठावर दर चौरस मीटरला ८०० वॉट ऊन पडते, त्याचा ७० टक्के भाग पत्र्यातून आत येतो, व त्यापैकी सुमारे एक पंचमांश परावर्तित होऊन निघून जातो असे धरल्यास 'स' सुमारे ९,००० वॉट होतो. तापमाने आता ५९.३, ४९.९ व ४४.७ अंश अशी येतात. क्रम पूर्णतः उलटला. घट्ट बंद चौकाकडून घरात येणारी उष्णता सुमारे ५.९ किलोवॉट, तर मोकळ्या बाजूंच्या चौकाकडून येणारी सुमारे २.७ किलोवॉट आहे. ही स्थिर स्थितीची मूल्ये असल्यामुळे प्रत्यक्षात ५९ अंश गाठले जातीलच असे नाही. दगडी फरशी व जाड भिंती काही तास उष्णता पोटात घेतात. परंतु पोटात घेतलेली उष्णता रात्री बाहेर पडते, आणि तेव्हा तिच्या वाटेत पत्रा असतो.

हा क्रम कोठे उलटतो, हेही सूत्रावरून सांगता येते. 'स'चे मूल्य क × (बाहेरचे − आतले तापमान) यापेक्षा, म्हणजे येथे २१६ × ८ = १,७२८ वॉटपेक्षा, कमी असेल तरच चौक बंद ठेवणे हितकर. मध्यान्हीच्या उन्हाच्या सुमारे एक पंचमांशापुढे गेले की बंद चौक घरास तापवू लागतो. रात्री बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली म्हणजे तर प्रश्नच उरत नाही. तेव्हा 'ब' जितका मोठा तितके घर लवकर निवते.

याच उदाहरणात पत्र्याखाली जाड कापडाचे छत ओढून 'स' एक दशांशावर, म्हणजे ९०० वॉटवर आणला, तर घट्ट बंद चौकाचे तापमान ३७.८ व मोकळ्या चौकाचे ३९.५ अंश होते. बंद चौक पुन्हा सरस ठरला. दिवसा सावली व बंदिस्तपणा आणि रात्री मोकळे आकाश, हे जे उत्तर सूत्र देते, तेच कनात, वाळ्याचे पडदे व दुपारी लोटून घेतलेली दारे यांच्या जुन्या वहिवाटीत दिसते.

६. यंत्रांमुळे होणारा बदल

चौकाचे वर्गीकरण त्यातील यंत्रांवरही अवलंबून असते. ज्या खोल्यांना बाहेरच्या बाजूस खिडकीच नाही, त्यांच्या वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग बहुधा चौकातच बसविला जातो. दीड टनाचे यंत्र खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता उचलते, आणि स्वतःस लागणारी सुमारे १.५ किलोवॉट वीज धरून चौकात सुमारे ६.८ किलोवॉट उष्णता सोडते. वरील उदाहरणातील घट्ट बंद चौकाचे तापमान एवढ्याने १८ अंशांनी वाढावे. मोकळ्या बाजूंच्या चौकाचे केवळ ४.४ अंशांनी. यंत्रास अधिक उष्ण हवेत उष्णता टाकावी लागली की त्याची कार्यक्षमता घटते, ते अधिक वीज घेते व त्यामुळे अधिक उष्णता सोडते. एका खोलीच्या गारव्याचा भार अशा रीतीने चौकाभोवतीच्या सर्व खोल्यांवर पडतो.

पाण्याच्या कूलरची अडचण निराळी आहे. त्यास सतत कोरडी हवा आत येण्यास व दमट हवा बाहेर जाण्यास वाट लागते. बंद चौकातून हवा घेऊन त्याच चौकात सोडणारा कूलर थोड्याच वेळात केवळ दमटपणा वाढवितो. ज्या प्रतिमानात चौक 'बाह्य' म्हणून दाखविला असेल, त्यात या दोन्ही यंत्रांस ४० अंशांची कोरडी, ताजी हवा मिळते असे गृहीत धरले जाते आणि विजेचा अंदाज वास्तवापेक्षा कमी निघतो.

७. नियमांच्या कसोट्या

अमेरिकेतील ॲशरे या संस्थेच्या ९०.१ क्रमांकाच्या मानकात 'अप्रत्यक्षपणे नियंत्रित' असा एक वर्ग आहे. एखाद्या अवकाशास स्वतःचे यंत्र नसले, तरी शेजारच्या नियंत्रित खोल्यांशी त्याचा यू-मूल्य × क्षेत्रफळ हा गुणाकार बाह्याशी असलेल्या गुणाकारापेक्षा अधिक असेल, किंवा नियंत्रित खोल्यांतील हवा तासाला तीनपेक्षा अधिक बदल होतील इतकी त्यात मुद्दाम सोडली जात असेल, तर तो या वर्गात येतो.

वरील चौकास ही कसोटी लावून पाहावी. भोवतालच्या सर्व खोल्या वातानुकूलित असल्यास गुणाकार २१६ विरुद्ध १२० असा येतो. चौक अप्रत्यक्षपणे नियंत्रित, म्हणजे घराच्या आत, ठरतो. त्याचे प्रत्यक्ष तापमान ५० अंशांच्या घरात असले तरी कसोटीस त्याची दखल नाही, कारण तीत 'स'ला स्थानच नाही. उलट एकाच खोलीत यंत्र असेल तर गुणाकार उलटतो व तोच चौक अनियंत्रित होतो. चौक तोच, पत्रा तोच, ऊन तेच; वर्ग मात्र शेजारच्या खोल्यांत किती यंत्रे आहेत यावरून बदलला. ज्या गच्च आवृत अवकाशांत सूर्य फारसा शिरत नाही, अशांसाठी ही कसोटी समर्पक आहे. पारदर्शक छप्पराच्या कक्षास ती एकटीच लावणे धोक्याचे.

भारतात निवासी इमारतींसाठी इको-निवास संहितेचा पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छप्पराच्या यू-मूल्यास १.२ ची, आणि शीत प्रदेश वगळता भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेच्या निर्देशांकास दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली होती. निर्देशांकाच्या सूत्रात भिंतीच्या दिशेप्रमाणे गुणक येतात. आच्छादित चौकाकडील भिंत बाह्य मानली तर तिला तिच्या दिशेचा गुणक लावावा लागतो, जरी तिच्यावर पडणारे ऊन त्या दिशेचे नसून माथ्यावरच्या पत्र्यातून आलेले असते. ती अंतर्गत मानली तर ती हिशेबातून गळते. दोन्ही प्रकारे चौकातून येणाऱ्या उष्णतेची खरी नोंद होत नाही. यास्तव नियमाची पूर्तता दाखविण्यासाठी केलेले वर्गीकरण व वर्तनाचा अंदाज घेण्यासाठी केलेले वर्गीकरण ही दोन निराळी कार्ये समजून अहवालात स्वतंत्र मांडणे इष्ट होय.

८. संगणकीय प्रतिमानातील मांडणी

तासागणिक गणित करणाऱ्या एनर्जीप्लससारख्या प्रणालीत मध्यस्थ कक्ष हा यंत्र नसलेला स्वतंत्र विभाग म्हणून दाखविता येतो, आणि आच्छादित चौकासाठी हाच मार्ग योग्य आहे. तथापि तीन ठिकाणी सावधगिरी बाळगली पाहिजे.

पहिली गोष्ट सूर्यकिरणांच्या वाटणीची. साध्या पर्यायात विभागात शिरलेले सर्व थेट ऊन जमिनीवर पडते असे धरले जाते. चौकात सकाळ-संध्याकाळ ते वस्तुतः माडीच्या भिंतीवर पडते. किरणांचा खरा माग घेणारा पर्याय निवडावयाचा तर विभाग बहिर्वक्र असावा लागतो. म्हणजे त्यातील कोणतेही दोन बिंदू जोडणारी सरळ रेषा भिंतीत शिरता कामा नये. खाली ओसरीसह रुंद व वर अरुंद असलेला चौक ही अट पाळत नाही. म्हणून ओसरी व चौक यांमध्ये काल्पनिक उघडा पडदा मानून त्यांचे वेगळे विभाग करावे लागतात.

दुसरी गोष्ट हवेच्या थरांची. एका विभागात सर्वत्र एकच तापमान असते असे प्रणाली मानते. बंद चौकात उष्ण हवा पत्र्याखाली साचते, आणि तिचा पहिला उपद्रव माडीवरच्या खोल्यांस होतो. चौकाचे खालचा व वरचा असे निदान दोन विभाग केल्यावाचून हा फरक दिसून येत नाही.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळापत्रकाची. आषाढी वारीच्या दिवसांत दिंडी दरवाजा रात्रंदिवस उघडा असतो, खोल्यांची दारेही सहसा लागत नाहीत, आणि चौकात व ओसरीवर माणसे झोपतात. निजलेला मनुष्य सुमारे ७५ वॉट उष्णता सोडतो. ४० माणसांची मिळून ३ किलोवॉट होते. त्या काळात आकाश ढगाळ व हवा दमट असते, ऊन कमी असते व पावसासाठी आच्छादन खरोखरच हवे असते. म्हणजे वैशाखात जो अनियंत्रित सौरकक्ष होता, तो आषाढात विभाजन नाहीसे झाल्यामुळे घराचाच भाग होतो. वर्षभरासाठी एकच 'ब' मूल्य देणाऱ्या पद्धतीत ही दोन्ही सत्ये सामावत नाहीत.

९. वर्गीकरणाचा क्रम

वरील विवेचनावरून चार प्रश्न क्रमाने विचारणे उपयुक्त ठरते.

पहिला प्रश्न: घर व कक्ष यांमध्ये लावता येण्याजोगे व प्रत्यक्षात लावले जाणारे विभाजन आहे काय? नसल्यास कक्ष घराचा भाग मानावा व त्याचे क्षेत्रफळ घरात धरावे.

दुसरा प्रश्न: कक्षास तापविणारे वा निवविणारे साधन, तात्पुरते का होईना, वापरले जाते काय? वापरले जात असल्यास तो नियंत्रित होय. साधनाची उष्णता केवळ त्यात सोडली जात असेल, तर तो अनियंत्रितच. परंतु ती उष्णता हिशेबात घ्यावी.

तिसरा प्रश्न: कक्ष बाह्य हवेस व आकाशास कितपत मोकळा आहे? आच्छादनच नसेल तर तो बाह्य, व भिंतींची परस्परसावली तेवढी मांडावी. आच्छादन असून बाजू मोकळ्या असतील तर हवेच्या दृष्टीने तो जवळजवळ बाह्य. परंतु रात्रीच्या प्रारणाच्या दृष्टीने बाह्य नव्हे, हा भेद विसरू नये.

चौथा प्रश्न: आवृत व अनियंत्रित ठरलेल्या कक्षात 'स'चे मूल्य क × (बाहेरचे − आतले तापमान) याच्या तुलनेत किती आहे? फार कमी असल्यास न्यूनन-गुणकाची सोपी पद्धत पुरेशी आहे. अधिक असल्यास स्वतंत्र विभाग करून तासागणिक गणित करणे अपरिहार्य होय.

हे चारही प्रश्न निदान उन्हाळा, पावसाळा व हिवाळा या तीन ऋतूंसाठी, आणि शक्य तेथे दिवस व रात्र यांसाठी, निरनिराळे विचारावेत. उत्तरे भिन्न आली तर त्यास दोष मानण्याचे कारण नाही.

१०. उपसंहार

शीत प्रदेशातील वर्गीकरणाने 'विभाजन पाहा, काच पाहू नका' हे मौल्यवान तत्त्व दिले. पंढरपूरच्या सूर्याखाली त्यास 'माथ्यावरचे ऊन व रात्रीचे आकाश पाहा' एवढी जोड देणे अवश्य आहे. ही जोड न देता परकीय कोष्टकातील न्यूनन-गुणक उचलून लावला, तर गणित घरमालकास चौक अधिकाधिक घट्ट बंद करण्याचा सल्ला देते. तो चौक मग भोवतालच्या खोल्या तापवितो, खोल्यांत यंत्रे येतात, यंत्रे आपली उष्णता पुन्हा चौकात टाकतात, आणि शेवटी चौकासह सगळा वाडाच राहण्यास अयोग्य आहे असा निर्णय होतो. पत्रा उंच घेणे, बाजू मोकळ्या ठेवणे, उन्हाळ्यात त्याखाली कापडाचे छत ओढणे, पत्र्याचा काही भाग रात्री सरकविता येईल असा करणे आणि यंत्रांचे बाहेरचे भाग माळवदावर नेणे, हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. परंतु ते सुचण्यासाठी चौकास त्याच्या योग्य वर्गात बसविणे आधी घडले पाहिजे.